वाक्य पुरं होऊ द्या

भाईंदर (पूर्व)
९ नोव्हेंबर २००३

ती. वन्सं,

नमस्कार.

तुमचं दिवाळीचं पत्र आणि सांडगी मिरच्यांचं पाकीट दोन्ही पोचलं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात यांची तब्येत जरा बिघडली होती. उजवी बाजू थोडी धरली. आठ दिवस हॉस्पिटलात काढले, आता घरी आहोत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत म्हणून निभावलं. काठीच्या आधाराने गॅलरीपर्यंत येतात. बोलणं किंचित अडखळतं, तेही येईल रुळावर. मी फोन करणार होते, पण तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि शेजाऱ्यांना मध्ये घालून असली बातमी सांगवेना.

माणसं मात्र देवासारखी धावली. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खालच्या हंसाबेनच्या दोन्ही मुलांनी यांना खुर्चीत बसवून तिसऱ्या मजल्यावरून उतरवलं, आणि परत आलो तेव्हा तसंच वर चढवलं. सुरुचीही नाशिकच्या सासरहून येऊन पंधरा दिवस राहिली, आता तिला तिचं घर आहे.

बोलण्यावाचून आमचं काही अडत नाही. तेहेतीस वर्षं झाली, यांच्या मनातलं मला तोंड उघडायच्या आत कळतं. वाण्याकडे हे 'अर्धा किलो' म्हणायचे, 'तूरडाळ' मी म्हणायची. तुमचा भाऊ पहिल्यापासून मितभाषी, मी पहिल्यापासून तोंडाळ. देवाने जोडी बघूनच घातली.

एक गोष्ट मात्र कळत नाही. चार वाजले की हे दाराकडे बोट दाखवतात आणि माझ्याकडे बघत राहतात. मंगळवारी, शुक्रवारी तर फारच. घरात बसून कंटाळत असतील. मी चपला घालून जिन्यापर्यंत नेऊन आणते, तरी परत तेच बोट. मी स्वतः बाहेर पडणं सोडलंय. पूर्वी मंगळवार-शुक्रवार चार वाजता हंसाबेन आणि मी नाक्यापर्यंत चालत जायचो आणि शेवपुरी खाऊन यायचो, ते बंद केलं. घरात माणूस असा असताना शेवपुरी घशाखाली उतरेल का?

काळजी करू नका.

तुमची
नीलिमा

*

देवरुख
१९ नोव्हेंबर २००३

चि. नीलिमा,

अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. मला ऐकू येत नाही, पण वाचता अजून येतं. तुझ्या प्रत्येक पत्राच्या तळाशी आत्मूची एक ओळ असते, 'बाकी ठीक. आत्माराम.' मी नेहमी म्हणते, एवढ्यासाठी पेन कशाला उघडलंस? या वेळी ती ओळ नाही. पत्र तीनदा उलटसुलट करून पाहिलं.

छत्तीस वर्षं शाळेत मास्तरकी केली आहे. 'किंचित पोटात दुखतंय' म्हणणाऱ्या पोराला किती ताप आहे ते मला बाकावरून कळायचं. तेव्हा किंचित आणि जरा राहू दे. आत्मू बोलतो का? हो की नाही, एवढंच लिही.

आईमागे त्याला मी वाढवलंय, बाई. मला घाबरून काही लपवू नकोस. न कळण्याची भीती जास्त वाटते.

गिरिजाताई

*

भाईंदर (पूर्व)
३ डिसेंबर २००३

ती. वन्सं,

नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा उत्तर 'नाही' असं होतं. दोन महिन्यांत यांच्या तोंडून एक शब्द नव्हता. नुसती ओठांची हालचाल आणि घशातून आवाज. उजवा हातही वळत नाही, म्हणून ती ओळ नव्हती. तुम्ही एकट्या आहात, सत्तरी आली आहे, तिथे रात्रंदिवस घोर लावून घ्याल म्हणून मी खोटं लिहिलं. चुकलं माझं.

पण आता काय झालं ते ऐका! काल सकाळी शेजारच्या पाटणकरांची नात समिधा गॅलरीत पाढे म्हणत होती. एकोणीसच्या पाढ्यात तिची गाडी अडली. 'एकोणीस चोक, एकोणीस चोक' चालू होतं. मी कणीक मळत होते. आणि आतून आवाज आला, 'शहात्तर!'

मी तशीच धावले. हे कॉटवर ताठ बसले होते आणि म्हणत होते, 'एकोणीस पाचे पंच्याण्णव...' थेट दहापर्यंत, वन्सं! खणखणीत! मी म्हटलं, वीसचा म्हणा, वीसचा म्हटला. तेराचा म्हणा, तेराचा म्हटला. तुम्हीच लहानपणी छडी घेऊन पाठ करून घेतलेत ना? आज ती छडी कामी आली. माझे कणकेचे हात त्यांच्या शर्टाला लागले, दोघंही रडलो.

येत्या रविवारी सगळ्या बिल्डिंगला बोलावलंय. दोन किलो पेढे सांगितलेत. ज्यांनी खुर्ची उचलली त्यांना यांचा आवाज ऐकवायला नको का? तुम्हीही देवापुढे साखर ठेवा.

तुमची
नीलिमा

*

देवरुख
९ डिसेंबर २००३

चि. नीलिमा,

आशीर्वाद.

साखर ठेवली. पत्र वाचून मीही रडले, शेजारची धावत आली, तिला वाटलं कुणी गेलं.

पण माझ्यातली मास्तरीण गप्प बसत नाही. पाढे म्हणणं आणि बोलणं यात फरक असतो. माझ्या वर्गात पाढे घडाघडा म्हणणारी पोरं होती, त्यांना 'आठ आंब्यांतले तीन खाल्ले तर उरले किती' विचारलं की छताकडे बघायची. तू त्याला 'पाणी हवं का' विचारलंस का? त्याने काय उत्तर दिलं?

हे पत्र निघायच्या आधीच तुझा रविवार होऊन गेला आहे. माझी शंका खोटी ठरो.

गिरिजाताई

*

भाईंदर (पूर्व)
२३ डिसेंबर २००३

ती. वन्सं,

नमस्कार.

तुमची शंका खरी होती.

रविवारी बावीस माणसं आली. यांना इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी करून दिली. हंसाबेनने हात जोडून विचारलं, 'कैसे हो, आत्मारामभाई? अब तो बोलते हो ने!' यांनी तोंड उघडलं. बाहेर आलं, 'एकोणीस.' सगळे थांबले. पाटणकरांनी विचारलं, 'काका, चहा झाला का?' यांनी पुन्हा जोर लावला. 'एकोणीस एके...' कपाळावरची शीर फुगली, डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरं काही येईना. मागे कोणीतरी हसलं. वाईट मनाने नव्हे, काय करावं न कळून माणूस हसतं तसं. मी पटकन म्हटलं, 'झाला, झाला त्यांचा चहा,' आणि पेढे फिरवायला लागले.

त्या दिवसापासून यांनी तोंड मिटलंय. आता पाढेही म्हणत नाहीत. समिधा बिचारी मुद्दाम चुकीचे पाढे म्हणते, तरी नाही.

डॉक्टरांनी मीरा रोडला पूनम सागरच्या बाजूला एक मुलगी सांगितली आहे, संचिता नावाची. अशा माणसांना बोलायला शिकवते. रिक्षाने घेऊन गेले. तिने यांना विचारलं, 'काका, तुमचं नाव काय?' मी म्हटलं, 'आत्माराम.' तिने विचारलं, 'घरी कोण कोण असतं?' मी म्हटलं, 'आम्ही दोघंच.' तिने विचारलं, 'जेवायला काय आवडतं?' मी म्हटलं, 'भात.' ती माझ्याकडे वळून हसली आणि म्हणाली, 'काकू, मी काकांना विचारतेय. तुम्ही जरा बाहेर बाकावर बसाल का, प्लीज?'

मुलीच्या वयाची पोर! पण बाकावर बसून मला घाम फुटला. कारण मी उत्तर देतेय हे मला कळलंच नव्हतं.

नंतर तिने समजावलं. पाठ केलेलं डोक्यात एका कपाटात असतं, मनातलं बोलणं दुसऱ्या. यांचं दुसरं कपाट अडकलंय. ते उघडेल, पण आतून ओढायला यांना वेळ द्यायला हवा. म्हणाली, 'काकू, ते शब्द शोधत असतात आणि तुम्ही तो आणून देता. मग ते कशाला शोधतील?' प्रश्न विचारला की मनात तीसपर्यंत मोजा, एवढाच तिचा गृहपाठ. तो यांना नव्हे, मला.

वन्सं, मी सातच्या पुढे जात नाही. तेहेतीस वर्षांची खोड आहे. हे 'हं' करतात आणि माझ्या तोंडून वाक्य बाहेर पडलेलं असतं. मग हे मान वळवतात. चार वाजताचं ते बोटसुद्धा आता अर्धंच उचलतात. आजवर मला वाटायचं, मी यांचा आवाज झालेय. आता वाटतं, यांचा आवाज मीच दाबून ठेवला की काय. हे पुन्हा कधीच बोलले नाहीत तर तो दोष कुणाचा?

नीलिमा

*

देवरुख
४ जानेवारी २००४

चि. नीलिमा,

आशीर्वाद.

आधी डोळे पूस. झटका तू दिला नाहीस. तू जे केलंस ते मायेने केलंस, पण मायेलासुद्धा कधीकधी गप्प बसायला शिकवावं लागतं. खोड जाते, वेळ लागतो. माझी गेली, ती कशी ते सांगते.

वर्गात बबन नावाचा मुलगा होता. उभा राहिला की उत्तर द्यायला याला युग लागायचं. मी दोन क्षण बघायची आणि म्हणायची, 'बस खाली.' चार वर्षं त्याला खाली बसवलं. पोराला येत होतं की नव्हतं, देव जाणे, मी कधी ऐकलंच नाही. आज त्याचं इथे सायकलचं दुकान आहे. माझे कान गेल्यापासून सगळं गाव माझ्याशी ओरडून बोलतं, नाहीतर बोलतच नाही. एकटा बबन समोर येऊन उभा राहतो, सावकाश बोलतो, आणि मी 'काय?' म्हटलं की तेवढ्याच शांतपणे पुन्हा सांगतो. तिसऱ्यांदा विचारलं तरी सांगतो. मी ज्याला कधी थांबून ऐकलं नाही, तो माझ्यासाठी थांबतो. त्याचे उपकार कसे मानावे कळत नाही.

बहिऱ्या माणसाला सगळ्यात काय लागतं माहीत आहे? शिवी नव्हे. 'काही नाही, जाऊ दे.' मी विचारते, 'काय म्हणालास?' समोरचा हात झटकतो, 'काही नाही, जाऊ दे.' क्षुल्लकच असेल, पण मी मात्र दिवसभर त्या दारावर उभी राहते. दीड वर्षापूर्वी मे महिन्यात एक जण ओटीवर माझ्या शेजारी बसून काहीतरी बोलला. आपलंच माणूस, जवळचं. मी विचारलं, काय? तर, काही नाही, जाऊ दे. अजून आठवतं. कोण ते विचारू नकोस.

आता उपाय. तीस मोजणं तुला जमायचं नाही, कारण तोंड रिकामं आणि हातही रिकामे. कडवे वाल भिजत घाल, मोड आण, कोमट पाण्यात टाक आणि परात घेऊन त्याच्यासमोर बस. बिरडं सोलण्यासारखं दुसरं धीराचं काम नाही. त्याला काही विचारलंस किंवा त्याने तोंड उघडलं, की वीस वाल सोलून होईपर्यंत तू अवाक्षर बोलायचं नाही. त्यालाही सोलायला लाव. चिमटीत दाबला की वाल सालातून सुटतो, त्याला डावा हात पुरतो. आणि रोज बस. आठवड्यातून एकदा केलेलं शहाणपण उपासासारखं, दुसऱ्या दिवशी दुप्पट खाल्लं जातं.

हे पत्र त्याला मोठ्याने वाचून दाखव.

गिरिजाताई

*

भाईंदर (पूर्व)
११ फेब्रुवारी २००४

ती. वन्सं,

साष्टांग नमस्कार. या वेळी अगदी खराखुरा घातला, देवरुखच्या दिशेला तोंड करून. हंसाबेनला वाटलं मी काहीतरी शोधतेय.

पत्र यांना वाचून दाखवलं. ओटीवरच्या माणसाचं आलं तेव्हा हे खाली बघत होते.

दुसऱ्याच दिवशी वाल भिजवले. पहिला आठवडा माझे फार हाल झाले. पाचव्या वालापाशी जीभ वळवळायची. शेवटी तोंडात लवंग धरून बसले. हे समोर, मध्ये परात. हे डाव्या हाताने एकेक वाल दाबायचे, तो कधी परातीत पडायचा, कधी माझ्या मांडीवर. आठव्या दिवशी एक वाल असा सुटला की थेट टीव्हीवर जाऊन आपटला. आणि हे म्हणाले, 'उडाला!'

पाठ केलेला नव्हे, वन्सं. मनातला. मी लवंग गिळली. पेढे वाटावेसे वाटले, पण कानाला खडा लावलाय. घरात आम्ही दोघंच हसलो.

मग एकेक यायला लागलं. 'पाणी'ला अठरा वाल लागायचे, आता सहा लागतात. 'सुरुची'ला अजून पंचवीस. कधी मागायचं असतं पाणी आणि येतं 'पंखा', मग स्वतःच मान हलवून परत शोधतात. मी तोंड मिटून बसते. संचिता म्हणाली, 'काकू, हे वालाचं मी माझ्या बाकीच्या पेशंटना सांगू का?' मी म्हटलं, सांग, पण देवरुखच्या बाईंचं नाव घेऊन सांग.

आता कालचं. मंगळवार होता. चार वाजले, यांनी दाराकडे बोट केलं. मी सवयीने चपला आणायला उठत होते, तशी परत बसले. म्हटलं, बघू तर. वाल घेतला. एक, दोन, तीन. हे माझ्याकडे बघतायत, ओठ हलतायत. अकराव्या वालाला म्हणाले, 'तू.' मी पुढचा घेतला. सतराव्याला म्हणाले, 'जा.'

माझ्या अगदी ओठावर आलं, कुठे? नाही विचारलं. हे घामाघूम झाले होते. तेविसाव्याला 'हंसा' आलं. मग बराच वेळ काही नाही. मग, 'शेव...'

वन्सं, पुढचा अर्धा शब्द माझ्या जिभेच्या टोकावर होता. जगातल्या कुठल्याही माणसाला तो पुरा करता आला असता. मी परातीत दोन्ही हात घट्ट दाबून धरले. वाल मोजायचे विसरले. आणि यांनी तो शब्द स्वतः आणला. 'पुरी.'

तीन महिने हा माणूस मला बाहेर पाठवत होता. मी त्याच्या पायात चपला घालत होते, आणि तो सांगत होता की तुझ्या पायात घाल. मला वाटायचं, मी यांची काळजी घेतेय. हे दर मंगळवार-शुक्रवारी चार वाजता माझी घेत होते.

मी गेले. हंसाबेन म्हणाली, 'अरे वाह, आज सूरज कहाँ से निकला!' चालताना सगळं सांगितलं तर ती भर रस्त्यात पदराने डोळे पुसायला लागली. मग आम्ही दोघींनी शेवपुरी खाल्ली. घशाखाली अगदी छान उतरली.

तुमचे उपकार कोणत्या शब्दांत मानू? मला खूप बोलता येतं हा माझा भ्रम होता.

तुमची
नीलिमा

ता. क. हे रोज दुपारी वही घेऊन बसतात, डाव्या हाताने काहीतरी गिरवतात. मला बघू देत नाहीत. मी विचारलेलंही नाही.

*

भाईंदर
२८ मार्च २००४

ताई,

नमस्कार. अक्षर वाईट आहे. डावा हात. या पत्राला अकरा दिवस लागले. नीलिमाने मदत केली नाही. तिने पाकिटावर पत्तासुद्धा मला लिहू दिला.

ओटीवरचा मीच. तू नाव घेतलं नाहीस. मला कळलं.

चार महिने बोलता येत नव्हतं तेव्हा न बोललेलं सगळं आठवत बसलो. त्यात हे पहिलं होतं. मी काय म्हणालो होतो ते सांगतो. मी म्हणालो, ताई, इथे एकटी किती दिवस राहणार, आमच्याकडे चल. तू म्हणालीस, काय? एकदा म्हणायला धीर केला होता. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत मनात आलं, घर लहान आहे, नीलिमाला विचारलेलं नाही. म्हणून म्हटलं, काही नाही, जाऊ दे. मग मुंबईला येईपर्यंत गाडीत झोपलो नाही. पण परत बोललो नाही.

तू मला वाढवलंस. पाढे शिकवलेस. माझ्या तोंडात आवाज परत आला तो आधी तुझ्या पाढ्यांचा आला. हे मी तुला कधी म्हटलं नसतं. आता म्हणतो. तुझे उपकार आहेत.

आता पुन्हा विचारतो. आमच्याकडे चल. कायमची. तिसरा मजला आहे, सावकाश चढू. हॉलमध्ये खिडकीजवळ तुझी कॉट लागते, मोजलं आहे. मी फार हळू बोलतो, तुला बरं पडेल. तू कितीदा 'काय?' म्हणालीस तरी मी तोवर पहिल्याच वाक्यात असेन.

काल नीलिमाला विचारायला बसलो. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. 'ताईला' एवढाच शब्द आला. दुसरा शोधत होतो. तिच्या हातात वाल नव्हते, लवंग नव्हती. ती म्हणाली, 'आणा ना! मी केव्हाची वाट बघतेय तुम्ही म्हणाल म्हणून.'

माझं वाक्य तिने पुरं केलं. या वेळी मी मान वळवली नाही.

आत्माराम